बांध कुणी सरकवला? आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि पंच कमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र मी आधी तुमच्या हातात दिलं होतं. त्यानंतर तीन रविवार वाट पाहिली. उत्तर आलं नाही, म्हणून आता ते सर्वांसमोर ठेवते आहे. मंडळीचं आणि गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. त्या मुलीचं नाव एकदा चारचौघांत घेतलं गेलं तेवढं पुरे झालं, माझ्या पत्रामुळे ते पुन्हा कुणाच्या तोंडी येऊ नये. तुमच्याकडच्या प्रतीवर माझी सही आहे.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी दुसरं गीत झालं आणि अर्पणाच्या थैल्या फिरण्याआधी सेक्रेटरीसाहेबांनी उभं राहून नवी नियमावली वाचली. सतरा कलमं. त्यानंतर, नियम मोडल्यामुळे प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, बंद केलेल्या चौघांची नावं वाचली. त्यात तिसरं नाव माझ्या शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, लहानाची मोठी झालेल्या एका मुलीचं होतं. ती पुण्यात एका दवाखान्यात परिचारिका आहे. लागोपाठ तीन रविवार उपासनेला गैरहजर, हा तिचा दोष. तिची आई माझ्या पुढच्याच बाकावर बसली होती. नाव ऐकल्यावर तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत मान वर केली नाही. आशीर्वाद झाल्यावर ती कुणाशी हात न मिळवता बाजूच्या दाराने निघून गेली.

मी या मंडळीत जन्मले, इथेच माझा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालं, इथेच लग्न लागलं, माझे पती इथल्याच कबरस्थानात आहेत. एकतीस वर्षं मी शब्बाथशाळेचा वर्ग घेते. तुमच्या कमिटीतल्या दोघांना दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्या आहेत. या नात्याने लिहिते. राग आहे, पण त्याहून काळजी जास्त आहे.

मंडळीने नियम करू नयेत असं माझं म्हणणं नाही. कबरस्थानाची साफसफाई कोणी करायची, हॉल कुणाला द्यायचा, उपासना किती वाजता सुरू करायची, याला नियम लागतातच. मला सलतो तो नियमावलीचा मथळा. तुम्ही त्या कागदावर लिहिलं आहे, ‘देवाने घालून दिलेल्या मर्यादा’. आणि त्याखाली मुलींनी जीन्स घालून गायनमंडळात उभं राहू नये, शेजाऱ्यांचं दिवाळीचं फराळ घेऊ नये, दशमांशाची, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाची, पावती दाखवल्याशिवाय बाप्तिस्म्याचा दाखला मिळणार नाही, अशी कलमं आहेत. ही कलमं तुमची आहेत. त्यांच्यावर देवाची सही करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, हे मला विचारायचं आहे.

आपण शेतकऱ्यांची लेकरं आहोत. नगर जिल्ह्यात बांधावरून किती घरं फुटली हे तुम्हाला मी सांगायला नको. बांध एका रात्रीत कुणी उचलून नेत नाही. तो कोरला जातो. दरवर्षी नांगर जरा आत घालायचा, नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त धरायचं. दहा वर्षांनी मोजणी मागवली की कळतं, अर्धा गुंठा गेला. म्हणूनच बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, एबाल डोंगरावर उच्चारायच्या शापांमध्ये, शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्याला शाप आहे, आणि तो आईबापाचा अपमान करणाऱ्याच्या शापाला लागूनच आहे. देवाला ती एवढी मोठी गोष्ट वाटली.

बांध सरकवणं म्हटलं की आपल्याला दुसऱ्याची जमीन बळकावणं एवढंच आठवतं. पण देवाने आपल्या लेकरांना जे शेत दिलं आहे त्याचा बांध आत सरकवून त्यांची जमीन कमी करणं, हाही तोच अपराध आहे. अनुवाद ४:२ मध्ये मोशे दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो : मी आज्ञा देतो तिच्यात भर घालू नका आणि तिच्यातून काही काढू नका. आपल्या व्यासपीठावरून काढणाऱ्यांवर मी शेकडो संदेश ऐकले. भर घालणाऱ्यांवर एकही ऐकलेला आठवत नाही.

शब्बाथशाळेत मुलांना एदेन बागेची गोष्ट सांगताना मी नेहमी एके ठिकाणी थांबते आणि त्यांना शोधायला लावते. देव आदामाला आधी काय म्हणाला? मुलं लगेच ओरडतात, ‘ते फळ खाऊ नको!’ मी म्हणते, पुन्हा वाचा. उत्पत्ती २:१६. आधी तो म्हणाला, बागेतल्या हव्या त्या झाडाचं फळ तू खुशाल खा. मग एका झाडाला मनाई. अख्खी बाग मोकळी आणि एक झाड बंद. आता तिसऱ्या अध्यायात सर्प येतो आणि विचारतो, बागेतल्या कोणत्याच झाडाचं खाऊ नका असं देवाने सांगितलं हे खरं का? त्याने पहिल्याच वाक्यात बाग लहान करून दाखवली. आणि हव्वा उत्तर देते तेव्हा तिच्याही तोंडून एक वाक्य जास्तीचं येतं : ‘स्पर्शही करू नका.’ देवाने असं म्हटलेलं दुसऱ्या अध्यायात सापडत नाही. पहिलं जास्तीचं कुंपण माणसाने तिथे घातलं. त्या कुंपणाने तिला वाचवलं नाही.

तुमच्या कागदातलं ‘हात लावू नका, चाखू नका’ वाचताना मला तीच आठवण झाली. कलस्सैकरांस लिहिताना पौलही हेच शब्द घेतो आणि म्हणतो, हे मनुष्यांचे नियम आहेत, दिसायला शहाणपणाचे, पण देहाची हाव आवरायला काही उपयोगाचे नाहीत.

आता जे तरुण हे पत्र वाचून ‘बाई आपल्या बाजूने बोलल्या’ म्हणून खूश होतील, त्यांनी थोडं थांबावं. देवाची मर्यादा काढून टाका असं मी म्हणणार नाही. मी तिच्याच आत जगले आणि तिच्याच आत सुटले आहे. ते कसं, हे सांगितल्याशिवाय माझी तक्रार अर्धवट राहील.

२००६ साली मी विधवा झाले. दोन लहान मुलं, घराचं कर्ज, आणि एका अनुदानित शाळेतली नोकरी. पटसंख्या घसरत चालली होती. पट घसरला की तुकडी तुटते, तुकडी तुटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, हे शाळेतल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा हजेरीपटात नावं वाढवायची पद्धत पडली. गाव सोडून गेलेली मुलं, ऊसतोडीला गेलेली मुलं, दुसऱ्या शाळेत बसणारी मुलं, काही तर जन्मालाच न आलेली. मलाही सांगण्यात आलं, बाई, अकरा नावं घाला, सगळेच घालतात, तुमच्याच नोकरीसाठी सांगतोय.

मी दोन रात्री झोपले नाही. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा तेव्हा मला दोरीसारखी गळ्याभोवती वाटली. देवाला म्हटलं, माझी लेकरं उपाशी राहिली तर तुझी आज्ञा त्यांना जेवू घालणार आहे का? तिसऱ्या दिवशी मी नाही म्हणाले. स्वतःला धीट समजून नव्हे. मुलांना रविवारी जे शिकवते ते सोमवारी खोडायचं माझ्याने झालं नाही, एवढंच. त्यानंतर शिक्षक-खोलीत माझ्या कपात चहा ओतणं बंद झालं. अतिरिक्तांच्या यादीत नाव जाण्याची टांगती तलवार दोन-तीन वर्षं डोक्यावर राहिली.

मग ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली. ३ ते ५ ऑक्टोबर, तीन दिवस, सगळ्या शाळा. मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी. त्या आठवड्यात कितीतरी शिक्षकांची झोप उडाली होती. रात्री दहा वाजता दारोदार फिरून मुलं गोळा केली जात होती, दुसऱ्याचा गणवेश कुणाच्याही अंगावर चढवला जात होता. आदल्या रात्री मी पिठलं-भाकरी खाल्ली, मुलांचा अभ्यास घेतला आणि नऊ वाजता झोपले. मोजणी झाली. माझ्या पटावर जेवढी नावं होती तेवढी बोटं शाईची निघाली, दोन मुलं आजारी होती त्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

माझ्या सहकाऱ्यांवर त्या दिवसांत जे गुदरलं त्याचा मला आनंद झाला नाही, आजही नाही. भीतीपोटी केलेली गोष्ट होती ती. पण जी दोरी मला गळ्याभोवती वाटली होती ती खरं तर कंबरेला बांधलेली होती, विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्या कंबरेला बांधतात तशी, हे मला त्या रात्री कळलं. मर्यादेच्या आत मला कुणाचंही भय नव्हतं. यापेक्षा मोठं स्वातंत्र्य मी आयुष्यात अनुभवलेलं नाही.

लहानपणी सुगी झाली की आमच्या वावरात धनगरांची मेंढरं खतासाठी बसायची. संध्याकाळी मेढी रोवून भोवती वाघर बांधायचे. वाघर म्हणजे दोऱ्याची जाळी, दुसरं काही नाही. शंभर मेंढरांनी एकदम रेटा दिला तर ती आडवी होईल. पण मेंढरं रेटत नसत. दिवसभर मोकळी चरून आलेली असत आणि अंधारून आलं की आपणहून आत शिरत. वाटेच्या तोंडाशी धनगर घोंगडी टाकून झोपायचा. पहाटे वाघर गुंडाळली जायची, घोड्यावर चढायची आणि कळप निघायचा. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू ‘मी दार आहे’ म्हणतो आणि पुढे सांगतो की माझ्याद्वारे जो आत येईल तो तारला जाईल, आत येईल, बाहेर जाईल आणि त्याला कुरण मिळेल. आत आणि बाहेर, दोन्ही. मी हे वचन वाचते तेव्हा मला ती घोंगडी दिसते. जाळीच्या जोरावर ते कळप राहिले नव्हते.

पंचहो, तुमच्या नियमावलीत जाळी पुष्कळ आहे. दाराशी झोपलेला कुणी मला दिसला नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, त्या मुलीची. तिला रविवारची ड्युटी लागते. दवाखाना रविवारी बंद नसतो आणि रुग्णाचं सलाईन शब्बाथ पाळत नाही. ड्युटी बदलून मिळेल तेव्हा ती पुण्यातल्या मंडळीत संध्याकाळच्या उपासनेला जाते, हे तिच्या आईला विचारलं असतं तर कळलं असतं. येशूने शब्बाथ दिवशी आजाऱ्यांना बरं केलं म्हणून शास्त्र्यांनी त्याच्यावर दोष ठेवला, त्याच गोष्टीसाठी आपण एका परिचारिकेचं प्रभुभोजन बंद केलं. शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही, हे मार्काचं वचन आपल्या हॉलच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. आणि समजा तिची चूकच होती. मत्तय १८:१५-१७ काय सांगतं? आधी एकांतात जा. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. तुम्ही तिसऱ्या पायरीवरून सुरुवात केलीत. तिला एक फोनसुद्धा केला नव्हता. प्रभूने घालून दिलेली मर्यादा इथे कुणी मोडली, हे तुम्हीच सांगा.

दुसरी तक्रार माझ्या जिवाला सर्वात जास्त लागलेली आहे. मागच्या वर्षी आपल्यातली एक बहीण नवऱ्याच्या मारामुळे माहेरी आली. तिच्या हातावरचे वळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. तिला पंचांसमोर बसवून सांगण्यात आलं की विवाह देवाने जोडलेला आहे, सहन कर, प्रार्थना कर, परत जा. ती परत गेली. सतरा कलमांत मुलींच्या कपड्यांवर दोन कलमं आहेत. बायकोवर हात उगारणाऱ्या पुरुषावर एकही नाही. त्याचं प्रभुभोजन चालू आहे.

अनुवाद २२:८ उघडा. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कुणी पडलं तर रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपल्याकडे माळवदाची घरं होती तेव्हा हे वचन सगळ्यांना समजायचं. उन्हाळ्यात अख्खं घर माळवदावर झोपायचं, पोरं कठड्याला टेकून चांदण्या मोजायची. कठडा होता म्हणून वर खेळता यायचं. देवाची मर्यादा ही अशी असते, पडणाऱ्याला धरणारी. विवाहाची मर्यादा त्याने बाईला कोंडून मारता यावं म्हणून घातलेली नाही. पतींनो, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली तशी पत्नीवर करा, हे इफिसकरांचं वचन आपण लग्नात वाचतो. ते नवऱ्याला घातलेलं बंधन आहे. आपल्या मंडळीच्या घराला इथे कठडाच नाही, आणि उद्या ती बहीण पडली तर दोष कुणाच्या माथी येईल हे वचनात लिहिलेलं आहे. हा दोष मी माझ्याही माथी घेते. त्या दिवशी मी बाहेर व्हरांड्यात होते आणि आत जाऊन बोलले नाही.

तिसरी, कबरस्थानाची. मंडळीबाहेर लग्न केलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना इथे जागा मिळणार नाही असं तुम्ही ठरवलंत. सारा वारली तेव्हा अब्राहाम परक्या देशात उपरा होता. मकपेलाची गुहा त्याला हेथी लोकांनी दिली, जे त्याच्या देवाला मानत नव्हते. आमच्या थडग्यांपैकी चांगलं निवडून घे, असं ते म्हणाले. त्याने चारशे शेकेल मोजून दिले ही त्याची सचोटी. पण जागा नाकारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

चौथी, पावत्यांची. बाप्तिस्म्याचा दाखला पोराच्या शाळेसाठी लागतो, लग्नासाठी लागतो. त्यावर दशमांशाची अट घालणं म्हणजे कृपेला तिकीट लावणं. आणि जी कमिटी सभासदाच्या पावत्या तपासणार, तिने स्वतः तीन वर्षं वार्षिक सभेत हिशेब वाचलेला नाही. मी कुणावर अफरातफरीचा आरोप करत नाही. हिशेब वाचा, एवढंच म्हणते.

पाचवी, फराळाची. इथे मला जास्त बोलायचं नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात पौलाने सांगून ठेवलं आहे की विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर पुढे वाढलेलं खा. ज्याचं मन दुखेल त्याचा विचार कर, हेही त्यानेच सांगितलं. हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. नाताळात आपल्या करंज्या आणि लाडू ज्या घरांत जातात, त्यांच्याच घरची चकली परत पाठवायची? माझे पती गेले त्या रात्री आमच्या घरात सर्वात आधी चूल पेटवली ती शेजारच्या वहिनींनी. तेरा दिवस डबा त्यांच्याकडून आला. त्यांचं ताट मी कोणत्या तोंडाने नाकारू?

तुमच्या मनात काय आहे हेही मला दिसतं. मुलं शहरात जातात, परत येत नाहीत. फोनमध्ये काय बघतात कळत नाही. मंडळी लहान, बाहेरचं वातावरण कठीण. आपली माणसं निसटत चालली आहेत या भीतीपोटी तुम्ही कुंपण उंच केलंत. ही भीती मलाही आहे. पण जिथून खरोखर लांडगा शिरतो आहे ती बाजू उघडीच आहे. तरुण संघातला एक मुलगा ऑनलाइन पैशांच्या खेळात अडकला. आधी पॉकेटमनी, मग बहिणीची फी, मग कर्ज देणाऱ्या ॲपवरून उचललेलं कर्ज. वसुलीवाल्यांनी त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना संदेश पाठवले तेव्हा घरी कळलं. हा मुलगा एकही रविवार चुकला नव्हता, त्याची पँट नियमात होती, आणि तुमच्या सतरा कलमांपैकी एकही त्याने मोडलं नव्हतं. लोभ धरू नको, ही दहावी आज्ञा त्याला कुणी समजावून सांगितली होती? मी धरून. आम्ही ती पाठ करून घेतली आणि पुढच्या पाठाकडे वळलो.

तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, बाई, मला कुणीतरी अडवायला हवं होतं. मर्यादेची भूक अशी असते. त्या पोराला आता त्याच्या बापाने साधा फोन दिला आहे, दर शनिवारी तो पैशांचा हिशेब माझ्यासमोर मांडतो, आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा हलका दिसला. तरुणांनो, पौल गलतीकरांना स्वातंत्र्यात टिकून राहा म्हणतो आणि त्याच अध्यायात सांगतो की त्या स्वातंत्र्याची देहवासनांना संधी देऊ नका. या दोन वाक्यांमधून आपल्या सोयीचं एक उचलता येत नाही.

मराठी मंडळीचा इतिहास आठवा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत तिथल्या धर्मभगिनी त्यांना काय मानावं, काय खावं, कुणाचं ऐकावं हे सांगू लागल्या, तेव्हा रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की आपल्या देशातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, तसलं दुसरं जू मी आता घेणार नाही. ख्रिस्ताला सोडलं नाही, जू नाकारलं. याच बाईंनी पुढे दुष्काळात सापडलेल्या, टाकलेल्या, फसवल्या गेलेल्या शेकडो मुलींना केडगावात आणलं. तिथे शिस्त होती, कामाचे तास होते, प्रार्थनेच्या वेळा होत्या, छापखाना, माग, शेती होती. आणि त्या जागेचं नाव होतं मुक्ती. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी इब्री आणि ग्रीक भाषांतून मराठी बायबल करण्यात घालवली, १९२२ साली देह ठेवेपर्यंत. देवाचं वचन कुठे संपतं आणि माणसाचं कुठे सुरू होतं हे त्यांना मुळातून पाहायचं होतं.

आणि नारायण वामन टिळक. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं ते थांबले. लक्ष्मीबाईंचं सोवळं जपलं गेलं, आणि ते सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. आज आपण त्या घरातली गीतं गातो आणि नवं सोवळं लिहून काढतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नियमावलीवरचा ‘देवाने घालून दिलेल्या मर्यादा’ हा मथळा काढावा. तिथे ‘मंडळीचे व्यवस्थेचे नियम’ असं लिहावं आणि ते वार्षिक सभेत, बायका आणि तरुणांना बोलू देऊन, एकेक करून मतास टाकावेत.

ज्या चौघांची नावं वाचली त्यांचं प्रभुभोजन ताबडतोब सुरू करावं. त्यांच्या घरी पाळकांनी स्वतः जावं. नावं भर उपासनेत वाचली, तेव्हा दिलगिरीही भर उपासनेत व्हावी. यापुढे मत्तय १८ च्या पायऱ्या पूर्ण झाल्याचं लेखी असल्याशिवाय कुणाचंही नाव व्यासपीठावरून घेतलं जाऊ नये.

घरात मारहाण सोसणाऱ्या बहिणींसाठी दोन स्त्रिया आणि एक वकील यांची समिती नेमावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायला मंडळीने मदत करावी, अडवू नये. हात उगारणाऱ्यावर शिस्तीची कारवाई व्हावी. त्या बहिणीच्या घरी या आठवड्यात कुणीतरी जावं. मी बरोबर येते.

कबरस्थानाचं आणि दाखल्याचं कलम रद्द करावं. तीन वर्षांचा हिशेब नोटीस बोर्डावर लावावा.

तरुण संघासाठी महिन्यातून एक बैठक ठेवावी, ज्यात पैसा, फोन, कर्ज, लग्न यावर मोकळं बोलता येईल आणि विचारलेला कोणताही प्रश्न नोंदवहीत लिहून पुढे कुणाविरुद्ध वापरला जाणार नाही. या बैठकीची जबाबदारी घ्यायला मी तयार आहे.

यरुशलेमातही एकदा अशीच सभा भरली होती. विदेशी विश्वासणाऱ्यांवर किती नियम लादायचे, यावर. बरीच वादावादी झाल्यावर पेत्र उभा राहून म्हणाला, जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहवलं नाही ते शिष्यांच्या मानेवर घालून देवाची परीक्षा का पाहता? शेवटी त्यांनी एक पत्र लिहिलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात ते आहे. अगत्याच्या चार गोष्टी, त्यापलीकडे ओझं नाही. ते पत्र अंत्युखियाच्या मंडळीत वाचलं गेलं तेव्हा लोकांना आनंद झाला, असं लूक लिहितो. जुलैच्या दुसऱ्या रविवारी तुमचं पत्र वाचलं गेलं तेव्हा तुम्ही बाकांवरचे चेहरे पाहिले का?

मी मंडळी सोडणार नाही, दुसरीकडे नाव लावणार नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता नेहमीसारखा वर्ग उघडेन. पाठ अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाचा आहे, कठड्याचा. ती मुलगी शनिवारी रात्रीच्या गाडीने येते आहे, ड्युटी बदलून घेतली आहे तिने. ती आणि तिची आई माझ्या बाकावर बसतील. प्रभुभोजनाचा रविवार आहे. पाळकसाहेब, आम्ही तिघी रांगेत उभ्या राहू.

तुमच्या मंडळीतील एक सभासद,
शब्बाथशाळा शिक्षिका